आजी-आजोबांचे डोळे सतत पाणावतात? थेंब बदलण्याआधी पापणी तपासा

सत्तरी ओलांडलेलं, वर्षभरात अंगाने चांगलंच उतरलेलं माणूस डोळ्यांतून पाणी येतंय म्हणतं आणि घरातलं कुणीतरी मेडिकलमधून थेंब आणून देतं. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. अशा वेळी दोष बहुतेकदा थेंबांचा नसतो. पापणी सैल पडलेली असते, झोपेत पुरती मिटत नसते, नाहीतर थेंब डोळ्यात जातच नसतात, गालावर ओघळतात. म्हणून इथे आधी पापणी, मग थेंब घालणारा हात आणि शेवटी औषध अशा क्रमाने जाऊ.

पाणी येतं, तरी डोळा कोरडाच

डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर असतो. त्याच्या वरच्या बाजूला तेलाचा अगदी बारीक पापुद्रा असतो आणि त्यामुळे खालचं पाणी लगेच उडून जात नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत या ग्रंथी साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० असतात. आपण पूर्ण पापणी मिटतो तेव्हा तिच्यातला गोल स्नायू या ग्रंथी दाबतो आणि तेल बाहेर येतं. उघडझाप अर्धवट झाली तर तेल आतच साचून घट्ट होतं, अश्रू लवकर सुकतात, डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरीमुळे आणखी पाणी सुटतं. ते पाणी नुसतं पाणीच असतं, तेलाविना टिकत नाही. खालची पापणी सैल असेल तर अश्रू नाकाकडे ढकलणारा पंपही मंदावतो आणि सगळं गालावर येतं.

वयाबरोबर अंगातले स्नायू झिजतात, ताकद कमी होते. याला सार्कोपेनिया म्हणतात. त्याचा पापणीशी संबंध आहे, पण तो सरळसोट नाही. पापणी सैल पडते ती मुख्यतः तिला दोन्ही टोकांना बांधून ठेवणारे बंध आणि आतली कडक पट्टी ढिली झाल्याने. स्नायू पातळ होणं ही त्यात पडलेली भर. वजन झपाट्याने उतरलं तर डोळ्याच्या खोबणीतली चरबी कमी होते, डोळा आत जातो आणि पापणीला मागून मिळणारा आधारही सुटतो. रोजच्या जगण्यात मात्र सार्कोपेनियाचा सगळ्यात मोठा त्रास वेगळाच असतो: बोटांत बाटली दाबण्याची ताकद नसते, हात कपाळापर्यंत नेऊन स्थिर धरता येत नाही, आणि मलम घालून धूसर झालेल्या नजरेने रात्री उठल्यावर पाय साथ देत नाहीत.

घरी काय बघायचं

दिवसाउजेडी खिडकीपाशी बसवा, हात धुवा आणि मोबाइलचा टॉर्च हाताशी ठेवा.

खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढून सोडा आणि त्यांना डोळे न मिचकावता समोर बघायला सांगा. घट्ट पापणी सोडताक्षणी जागेवर बसते. सैल पापणी तशीच लोंबत राहते आणि एक-दोन वेळा मिचकावल्यावरच वर जाते. मग ती चिमटीत धरून अलगद पुढे ओढा. बुबुळापासून ६ ते ८ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतरावर आली तर ती सैल समजा. ही तपासणी एकदाच करा. रोज ओढून बघायला लागलात तर आपणच ती आणखी सैल करू.

आता त्यांना झोपेत मिटतात तसे डोळे अलगद मिटायला सांगा, गच्च नाही. त्यांची मान किंचित मागे घ्या आणि टॉर्चच्या उजेडात खालून बघा. दोन पापण्यांमध्ये पांढरी फट दिसली तर रात्री डोळा उघडा राहतो. सकाळी उठल्याबरोबर सगळ्यात जास्त खुपतं आणि दुपारपर्यंत हायसं वाटतं, हीसुद्धा त्याचीच खूण. एका कुशीवर झोपणाऱ्यांचा त्याच बाजूचा डोळा जास्त लाल असेल तर वरची सैल पापणी उशीवर घासून उलटत असावी. अशी व्यक्ती मोठ्याने घोरत असेल, दिवसा पेंगत असेल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणीही करून घ्या. ही दोन्ही दुखणी पुष्कळदा जोडीने असतात.

पापणीची कड कुठे वळली आहे हेही बघा. बाहेर वळली असेल तर आतला लाल भाग दिसतो. आत वळली असेल तर केस थेट बुबुळावर घासतात. ज्यांना लहानपणी खुपऱ्या (ट्रॅकोमा हा डोळ्यांचा जंतुसंसर्ग) झाल्या होत्या त्यांच्या वरच्या पापणीला आतून व्रण असू शकतो आणि त्यामुळे वरचे केस आत वळतात. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं, पण जुन्या व्रणांची माणसं अजून आपल्या घरांत आहेत.

शेवटी त्यांना खाली बघायला सांगून वरच्या केसांची मुळं निरखा. केसाच्या बुडाशी पारदर्शक, नळीसारखा कोंडा चिकटलेला असेल तर तो डेमोडेक्स या सूक्ष्म किड्यांमुळे असतो. तो साध्या पाण्याने जात नाही.

शेक: नव्वद टक्के लोक तो थंडच देतात

नव्वद हा आकडा बोलायची पद्धत म्हणून, पण गोष्ट खरी आहे. रुमाल कोमट पाण्यात बुडवून डोळ्यावर ठेवला की तो दोनेक मिनिटांत गार होतो आणि पुढची आठ मिनिटं नुसतं ओलं फडकं डोळ्यावर राहतं. ग्रंथींतलं घट्ट झालेलं तेल वितळायला पापणीची आतली बाजू ४० अंश सेल्सियसच्या आसपास तापावी लागते. रुमालाचं तापमान ४३ ते ४५ अंश हवं. त्यापुढे गेलं तर म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी भाजते.

एक वाटी उकळतं पाणी आणि तीन वाट्या साधं पाणी मिसळलं की साधारण एवढं तापमान येतं. पण हे हिशोब साधं पाणी २५-२७ अंशांचं धरून आहेत. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तापलेलं असतं, तेव्हा माठातलं पाणी घ्या. थंडीत उकळतं पाणी थोडं वाढवा. दरवेळी रुमाल आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मधुमेह असलेल्यांना किंवा बोलता न येणाऱ्यांना "चटका बसतोय का" असं विचारण्यावर विसंबू नका.

दोन छोटे सुती रुमाल ठेवा. एक मिटलेल्या डोळ्यांवर, दुसरा झाकलेल्या पातेल्यात. दर दोन मिनिटांनी अदलाबदल करा, एकूण ८ ते १० मिनिटं. दिवसातून दोनदा, निदान एक महिना. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक. उकडलेलं अंडं, बटाटा, तव्यावर तापवलेली पुरचुंडी यांचं तापमान कळत नाही, ते प्रकार नकोत.

शेक झाल्या झाल्या मालीश. डोळे मिटलेलेच ठेवून वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर, केसांच्या दिशेने, बोटाच्या पेराने पाच-सहा वेळा हलका दाब द्या. पापणी सैल असेल तर कानाकडे ओढून ताणू नका. एका बोटाने बाहेरचा कोपरा जागेवर धरा आणि दुसऱ्याने दाबा. बुबुळावर जोर देऊन चोळायचं तर मुळीच नाही, गरम झालेलं बुबुळ दाबाने आकार बदलतं.

त्यानंतर केसांची मुळं पुसा. पापण्या पुसायचे तयार ओले वाइप्स मिळतात, ते सगळ्यात सोयीचे. नसतील तर उकळून गार केलेलं पाणी आणि कानात घालायची कापसाची काडी. काडी आडवी फिरवत केसांच्या बुडाचा कोंडा काढा, प्रत्येक डोळ्याला नवीन काडी. बेबी शाम्पू पातळ करून वापरायचा जुना सल्ला आहे. चालतो, पण आधीच कोरड्या डोळ्याला तो चुरचुरतो, म्हणून आम्ही वाइप्सना पसंती देतो. डेमोडेक्ससाठी टी ट्री घटक असलेले खास वाइप्स डॉक्टरांना विचारून घ्या. बाटलीतलं निव्वळ टी ट्री तेल पापणीला लावलं तर बुबुळ भाजतं.

थेंब: बाटली कोणती आणि हात कुणाचा

डोळ्याच्या खाचेत जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीतून पडणारा एक थेंबच ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे दुसरा थेंब गालासाठीच असतो. एक थेंब, पण आत गेलेला, एवढंच पाहिजे.

कृत्रिम अश्रूंमध्ये ०.५ टक्के कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज किंवा ०.१ टक्के सोडियम हायलुरोनेट हे नेहमीचे पर्याय. सुरुवात दिवसातून चार वेळा: उठल्यावर, पेपर वाचण्याआधी, दुपारी आणि टीव्हीपुढे बसण्याआधी. त्रास सुरू झाल्यावर घालण्यापेक्षा आधी घातलेला थेंब जास्त कामाचा. चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार पडलं की डोळ्याचा पृष्ठभाग खरवडतं. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं चालू असतील तर त्यांतलं प्रिझर्व्हेटिव्हही या हिशोबात धरा.

इथे एक अडचण कुणी सांगत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या बऱ्याच बाटल्यांना आतून झडप असते आणि त्या दाबायला जास्त जोर लागतो. एकेका वेळेच्या छोट्या नळ्या घेतल्या तर त्यांचं टोक पिरगळून तोडायला चिमटीत ताकद हवी. ज्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही त्यांना हे जमणार नाही. दुकानात बाटली हातात देऊन दाबून बघायला सांगा. जमत नसेल तर थेंब घालायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी ठरवून टाका, किंवा बाटलीला लावायचं थेंब घालण्याचं साधन घ्या. नळीवर लिहिलेल्या मुदतीपलीकडे ती ठेवू नका. साधी बाटली उघडली की तारीख पेनने लिहा आणि चार आठवड्यांनी, उरली असली तरी, टाकून द्या. वेगळी मुदत छापलेली असेल तर ती पाळा.

मान मागे टाकून उभ्याने थेंब घालणं अशक्त माणसासाठी धोक्याचं आहे, तोल जातो. त्यापेक्षा असं करा:

१. पलंगावर उताणं झोपवा, उशी काढा किंवा पातळ ठेवा.
२. डोळे मिटू द्या. नाकाकडच्या कोपऱ्यात, मिटलेल्या पापण्यांवर एक थेंब सोडा. हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या मुठीची कड कपाळावर टेकवा.
३. आता डोळा हळूच उघडायला सांगा. थेंब आपोआप आत उतरतो.
४. पुन्हा अलगद मिटून एक-दोन मिनिटं पडून राहू द्या. या वेळात मिचकावलं तर औषध नाकात वाहून जातं.
५. दुसरं औषध असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. थेंब आधी, जेल नंतर, मलम सगळ्यात शेवटी.

काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब असतील तर चौथ्या पायरीला नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरा. हे औषध नाकावाटे रक्तात जाऊन नाडी मंद करू शकतं आणि दमेकऱ्याला त्रास देऊ शकतं.

उघडझापेचा सराव

पडद्याकडे बघताना उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पार्किन्सन्समध्ये ती मुळातच कमी असते. सराव सोपा आहे: डोळे अलगद मिटून दोन सेकंद थांबा, उघडा. पुन्हा अलगद मिटा, दोन सेकंद थांबा, आणि न उघडता दोन सेकंद किंचित आवळा, मग उघडा. असं दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीन-चारदा. मालिकेत जाहिराती लागल्या की करायचं असं ठरवलं की लक्षात राहतं. भुवया आवळल्या, कपाळाला आठ्या पडल्या तर ताकद चुकीच्या जागी जातेय.

रात्रीचं मलम आणि पडण्याची भीती

डोळा रात्री उघडा राहत असेल तर थेंब पुरत नाहीत. झोपताना खालच्या पापणीच्या आत अर्धा सेंटिमीटर मलमाची रेघ लागते. मलमाने नजर धूसर होते, आणि स्नायू झिजलेल्या माणसाच्या बाबतीत ही धूसर नजर कोरड्या डोळ्यापेक्षा मोठं संकट ठरू शकते. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडलं तर डोळ्याचं दुखणं कुणाच्या लक्षातही राहणार नाही. म्हणून संडास-बाथरूम उरकून, अंथरुणात पडल्यावरच मलम घाला. उशाशी स्वच्छ रुमाल, काठी आणि चश्मा ठेवा. बाथरूमपर्यंत मंद दिवा चालू ठेवा. उठायचं झालं तर आधी बसून डोळे टिपायचे आणि मगच पाय खाली टाकायचे. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्यांना मलमाऐवजी घट्ट जेल द्यावं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

फट मोठी असेल तर डॉक्टर रात्री पापणी चिकटवायला सांगतात. यासाठी कागदी टेप वापरतात. आधी मलम, मग पापणी पूर्ण मिटून वरच्या पापणीपासून खाली गालापर्यंत टेप. पहिल्यांदा दवाखान्यात करून दाखवायला सांगा. टेपखाली डोळा उघडला तर टेपच बुबुळावर घासतो आणि जखम होते. सकाळी टेप ओढून काढू नका, ओल्या कापसाने भिजवा, नाहीतर कातडी सोलून येते. ते जमत नसेल तर डोळ्याभोवती ओल धरून ठेवणारा बंद चश्मा मिळतो. पंखा थेट तोंडावर येत असेल तर पलंग सरकवा, बऱ्याचदा एवढ्यानेच अर्धा त्रास कमी होतो.

पाणी पुसण्याची दिशा

आपण पदराने किंवा रुमालाने डोळे पुसतो ते खाली आणि बाहेर, कानाकडे. दिवसातून पन्नास वेळा असं पुसलं की सैल पापणी आणखी लोंबते. डोळा मिटून, खालून वर आणि नाकाकडे टिपायची सवय लावा. फुकटचा उपाय आहे, पण सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो.

पापणी आत वळून केस टोचत असतील तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत कागदी टेपची छोटी पट्टी कामाला येते. खालच्या पापणीच्या केसांच्या अगदी खाली तिचं एक टोक लावा, कड बाहेर वळेल इतकीच खाली गालाकडे ओढून दुसरं टोक चिकटवा. टोचणारे केस घरी चिमट्याने उपटू नका. अर्धवट तुटलेलं खुंट जास्त बोचतं, आणि नीट उपटलेला केसही काही आठवड्यांत परत येतो.

जेवण आणि पायांची ताकद

खुर्चीवरून उठाबशा काढून पापणी घट्ट होत नाही; होते असा दावा करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण हात, पाय आणि भूक टिकली तर डोळ्यांची निगा टिकते. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये दिलेल्या निकषांनुसार पोटरीचा सगळ्यात जाड घेर पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर फिजिशियनना दाखवावं. शिंप्याची टेप आणि घड्याळ एवढंच लागतं.

म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. चहा-बिस्किट, मऊ भात आणि पातळ वरणावर एवढं जमत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कच्च्या डाळीत ७, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास, १०० ग्रॅम मासळीत २० च्या आसपास. दात नसतील तर शेंगदाण्याचं कूट भाजीत, पिठल्यात, ताकात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं आधी डॉक्टरांना विचारूनच वाढवा. ओमेगा-३ च्या गोळ्यांवर मात्र भिस्त नको. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत (निकाल २०१८ चे) रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा कोरड्या डोळ्यांत जास्त फायदा झाला नाही.

गोळ्यांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा. सर्दी-खाजेच्या, झोपेसाठी दिलेल्या अमिट्रिप्टिलिनसारख्या आणि लघवी रोखण्याच्या काही गोळ्या डोळा कोरडा करतात. आपल्या मनाने बंद करू नका.

काय घालू नये, केव्हा धावावं

मध, तूप, गुलाबपाणी, तुरटीचं पाणी, घरचं काजळ यांतलं काहीही डोळ्यात नको. स्टिरॉइडचे थेंब मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून तर कधीच नको. लाली झटकन उतरते, पण त्याआड जंतू वाढतात आणि डोळ्याचा दाब चढतो. शेतात उसाचं पातं किंवा ज्वारीचं कूस लागलेल्या डोळ्यात स्टिरॉइड पडलं तर बुरशीचा संसर्ग बुबुळ खाऊन टाकतो.

डोळा ठणकणं, उजेड सहन न होणं, नजर अचानक कमी होणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं, यांतलं एकही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. मधुमेहात बुबुळाची जाणीव बोथट होते, तेव्हा दुखत नाही म्हणून थांबू नका. तोंड अचानक वाकडं होऊन डोळा मिटेना झाला तर थेट हॉस्पिटल. संध्याकाळ होता होता पापणी जास्त उतरत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा गिळताना अडकत असेल तर मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची) तपासणी लागते, ते वयाचं दुखणं म्हणून सोडू नका. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी रांजणवाडी, त्या जागचे केस झडलेले: तुकडा काढून तपासायलाच हवा. पापणीच्या तेलग्रंथीचा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो आणि सुरुवातीला तो रांजणवाडीसारखाच भासतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर पापण्यांची सूज, केसांचा कोंडा आणि कोरडेपणा आधी आटोक्यात आणा. कोरड्या डोळ्यावर घेतलेल्या मापांमुळे लेन्सचा नंबर चुकतो आणि सुजलेल्या कडांवरचे जंतू ऑपरेशननंतर आत शिरू शकतात. आत किंवा बाहेर वळलेली पापणीही बहुधा आधी दुरुस्त करतात. त्यात पापणीचं बाहेरचं टोक आखडून हाडाला नव्याने बांधतात. पूर्ण भूल लागत नाही, जागेवर सुई देऊन होतं आणि सहसा त्याच दिवशी घरी सोडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे पहिल्याच भेटीत सांगा. त्या थांबवायच्या की नाही आणि किती दिवस, हे डोळ्यांचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.